चौथा वाटेकरी

येमेनमधल्या अदन शहराच्या क्रेटर भागात दिवसाचे वीस तास वीज नसते. त्यामुळे ज्याच्या गच्चीवर सौर पॅनल आहे त्याला दार लावून बसता येत नाही. अवसानच्या घरी रोज दुपारी शेजारपाजारचे फोन चार्जिंगला यायचे. तो स्वतःच फोन दुरुस्त करणारा. नाही म्हणणार कोणत्या तोंडाने? पण एक नियम त्याने कडक ठेवला होता: एका वेळी तीनच वस्तू लावायच्या.

कारण त्या तिनांतली एक होती इन्सुलिन गार ठेवणारी छोटी पेटी. त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीचा, अरवाचा, जीव त्या पेटीत होता. चार्जर साठ वॅटचा, समान वाटणारा. तिघांना वीस-वीस, आणि पेटीला वीस तर लागायचेच. नवी वस्तू जोडली की चार्जर डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळ्यांची वीज तोडायचा, पंगतीत किती जण बसलेत ते मोजायचा आणि पुन्हा वाढायला घ्यायचा. सगळ्या वस्तू एकदम टुणकन वाजायच्या.

मंगळवारी दुपारी त्या अशाच वाजल्या. चार्जरला कोणी हात लावला नव्हता.

शेजारच्या खाला तकिय्या बैठकीवर चहा पीत बसल्या होत्या. गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नाही. "अगोबाई, कोणीतरी आलं की!" रिकाम्या दाराकडे बघून त्या म्हणाल्या, "या, बसा, घर तुमचंच आहे. अरवा, सरक गं, पाहुण्यांना जागा दे."

अरवा खिदळत भिंतीकडे सरकली. अवसानही हसला. मग त्याची नजर चार्जरच्या आकड्यांवर गेली. पंधरा, पंधरा, पंधरा. आणि चौथ्या पोर्टवर, जिथे काहीच लावलेलं नव्हतं, तिथेही पंधरा.

त्याने चार्जर उघडला, पुसला, वायरी बदलल्या. दुकानातून दुसरा नवाकोरा आणून लावला. त्यावरही पंधराच.

"खाला, तुमचा फोन काढतो."

"काढ बाबा. पण तो चौथा कोण?"

"कोणी नाही."

"मग त्याला कशाला जेवू घालतोयस?"

बुधवारी त्याने सगळे फोन परत केले. आता पेटी एकटीच, साठच्या साठ तिचे. आकडा दिसला तीस. दुपारी पेटी टुणकन वाजली आणि वीस झाले. गुरुवारी सकाळी पुन्हा वाजली. पंधरा.

बाहेर एक्केचाळीस अंश. पेटीच्या आत आठ असायचे तिथे एकोणीस. इन्सुलिनच्या पुढच्या कुप्या यायला महिना होता.

"मी गंमत केली रे," खाला रडकुंडीला आल्या होत्या. "पण एकदा या म्हटल्यावर जा कोणत्या जिभेने म्हणू?"

शेवटी अवसाननेच छातीवर हात ठेवला आणि त्या रिकाम्या पोर्टसमोर वाकला. "मेहेरबानी करा, आता निघा. हे माझ्या लेकीच्या वाटचं आहे." आपल्याच आवाजाची त्याला लाज वाटली.

टुणकन. बारा.

त्याने वायरी उपटल्या. चार्जर बॅटरीपासून तोडला, नेऊन उकिरड्यावर फेकला. मासळीबाजारातून बर्फ आणून कुप्या त्यात ठेवल्या. रोज आणीन, उन्हात धावत आणीन, पण या घरात आता कोणाची वाटणी नको. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं.

अरवा बैठकीवर झोपली होती, भिंतीपासून हातभर अलीकडे. तो तिच्या उशाशी बसला आणि तिच्या छातीवर हात ठेवला. श्वास शांत होता, खोल होता.

मग थांबला. पातं लवेपर्यंतच.

पुन्हा सुरू झाला. अर्धा.

"अरवा? बाळा?"

ती जागी झाली नाही. झोपेतच भिंतीकडे सरकली आणि शेजारी जागा करून दिली.