चौकाचा उतरलेला आकडा

"त्या खांबावर न्हाई टिकायचं ते, मॅडम. सांजच्याला गायब होईल."

उज्वलानं स्टुलावरूनच वळून पाहिलं. लातुरात नांदेड रोडवरच्या चौकात, गाड्यांची सीट-कव्हरं शिवणाऱ्या दुकानातून एक तरुण हातात दाभण धरून तिच्याकडं बघत होता. चेहरा अगदी साळसूद... डोळे मात्र हसत होते.

"मग कुठं बांधू?"

"आमच्या बोर्डाच्या लोखंडाला बांधा. हाय काय पण हे?"

"हवेतली धूळ मोजायचं यंत्र."

जळकोटची उज्वला लातुरात एम.एस्सी. करत होती. शहराच्या कोणत्या भागातली हवा किती खराब, हे तिला प्रबंधासाठी महिनाभर मोजायचं होतं. एक यंत्र झाडीतल्या कॉलनीत, एक एमआयडीसीत डाळमिलच्या गल्लीत, आणि तिसरं आता या सीट-कव्हरवाल्या वैजनाथच्या बोर्डाला. आकडे उतरवायला ती दिवसाआड दुपारी यायची. धुरानं तिला ठसका लागायचा... तो मुकाट्यानं पाण्याचा तांब्या पुढं करायचा.

"कॉलनीतल्या यंत्रापाशी पण इतका वेळ बसता?" त्यानं एकदा विचारलं.

"तिथं कोणी चहा पाजत नाही," ती म्हणाली, आणि वहीत डोकं खुपसलं.

दुसऱ्या आठवड्यात चौकाचा आकडा घसरला. दीडशेवरून थेट सत्तर — कॉलनीच्या पंक्तीला जाऊन बसला, आणि बारा दिवस तिथंच राहिला.

"एक तर यंत्र बिघडलंय, नाहीतर तुमचं मोजणं," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "चौक प्रबंधातून काढून टाका."

दुसऱ्या दिवशी ती न सांगता सकाळी सातलाच चौकात पोचली. वैजनाथ दुकानासमोर बादलीनं पाणी मारत होता. यंत्राशेजारी ओलं गोणपाट लोंबत होतं.

"हे रोज करता?"

"हाव... दिवसातून चारदा."

"कामून पण?" जळकोटची बोली तिच्या तोंडून सुटली.

त्यानं बादली खाली ठेवली. "तुम्ही लई खोकता. मला बघवत न्हाई."

उज्वलाला राग आला. पण रागासारखा राग काही येईना...

"माझे बारा दिवस पाण्यात घातलेत तुम्ही," ती हळूच म्हणाली.

तिनं सरांना खरं ते सांगितलं, बारा दिवस खोडले आणि दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. वैजनाथनं गोणपाट काढलं. वर तासातासाला किती ट्रक थांबले, हे तो कव्हरांच्या मापांच्या वहीत लिहून ठेवू लागला. आकडा एकशे साठवर गेला. सर खूश झाले. उज्वला मात्र आकड्यांच्या कागदाकडं बघत राहिली — ती तिथं अर्धा तास बसायची. तो दिवसाचे दहा तास.

शेवटच्या दिवशी तिनं त्याच्यासाठी मास्क आणला. "लावा. शिवताना पण काढायचा नाही."

मास्क लावून तो यंत्र उतरवायला स्टुलावर चढला. "आता तुमचं येणं बंद..."

"येईन की."

"यंत्र न्हाई, काम न्हाई. घरचे विचारतील, त्या चौकात काय हाय म्हणून."

त्यानं वरून दिलेलं यंत्र उज्वलानं पिशवीत ठेवलं. चेन लावली... उघडली, परत लावली.

"तुमचं नाव सांगेन."

वैजनाथ स्टुलावरून उतरला, शिलाई मशीनवर कापड टाकलं आणि शटर ओढायला लागला.

"कुठं निघालात?"

"जळकोटला," मास्कमागून आवाज आला. "नुसत्या नावावरून त्यांना काय कळायचं? माणूस बघू द्या की."