कालच्या सकाळची प्रत

चांद्रवसाहतीच्या संगणककक्षात खंडेनवमीची पूजा मांडली होती. कीबोर्डवर हळदकुंकू, पडद्याला कागदी झेंडूचा हार. काल संध्याकाळच्या यानाने आलेले नवे प्रशासक हेरंब साठये यांचा पहिलाच हुकूम होता, आज कीबोर्डला कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे सकाळचा बॅकअप राहिला. आणि दुपारी हात लावला तो खुद्द साठयांनीच! पृथ्वीवर परतलेल्या एका माणसाचं नाव वगळायची कमांड त्यांनी दिली, कोणाचं ते लिहायला विसरले आणि रहिवाशांच्या नोंदींचं अख्खं टेबल पुसलं गेलं.

इथे हवा नावावर मिळते. टेबलात नाव नसेल, तर छातीवरची श्वासपेटी वीस मिनिटांत बंद पडते. आता चारशे बारा पेट्यांवर लाल दिवा लागला होता.

"कालचा बॅकअप चढवा!" साठये ओरडले.

"चढवते," अभियंता यमुना केंद्रे म्हणाली. "पण टेबल काल सकाळी होतं तसंच परत येईल. नंतरचं काही येणार नाही. काल दुपारी नूरजहाँ तांबोळीला मुलगी झाली, तिचं नाव त्यात नाही. ते लगेच हाताने घालू. प्रशासकाचा अंगठा लागेल."

"असं कसं? रीतसर अर्ज येऊ द्या. जन्मदाखला जोडून."

"दाखला याच संगणकातून निघतो, साहेब! लेकरू गुदमरेल!"

"नियम मी ठरवतो. तुमचं हंगामी प्रशासकपद काल संध्याकाळी संपलं, केंद्रेबाई."

यमुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक या माणसाची आणि शिक्षा एका दिवसाच्या पोरीला! तिने ओढणीने कीबोर्डवरचं कुंकू पुसलं आणि कमांड दिली.

पडद्यावरच्या यादीत पेट्या हिरव्या झाल्या. नूरजहाँच्या पाळण्यातली तेवढी लालच राहिली.

आणि साठयांचीही.

त्यांनी घाईघाईने पडद्यावर अंगठा टेकवला. 'अनोळखी व्यक्ती', पडदा म्हणाला. काल सकाळी ते यानात होते. काल सकाळी इथली प्रशासक यमुना होती.

तिने आपला अंगठा टेकवला. पडदा निमूट उघडला. तिने मुलीचं नाव घातलं आणि यादीत पाळण्यातल्या पेटीचा दिवा हिरवा होईपर्यंत नजर हलवली नाही.

"बाई, माझं नाव!" साठयांचा आवाज चिरकला.

यमुनेने अर्जाचा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"लवकर लिहा, नऊ मिनिटं आहेत. आणि जन्मदाखला जोडा."