मिसळणाच्या डब्यातला आवाज

सिंगापूरच्या बंदरात माझ्याएवढा हुशार इलेक्ट्रिशियन झाला नाही. आता, मी दुरुस्त केलेल्या एका जहाजाचा भोंगा दोन दिवस थांबेना आणि शेवटी कॅप्टनने कानात कापूस घालून मलाच वर चढवलं, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगून टाकतो. सातवी नापास माणूस मी. पण वायर दिसली की हात शिवशिवतात.

म्हणून मीनाक्षीने, म्हणजे आमच्या मंडळींनी, तो डबा माझ्यापुढे ठेवला. स्टीलचा, मिसळणाचा. आमच्या उन्मेषने तो आईच्या ओट्यावरून पळवून त्यात गिटारचं पेडल बनवलं होतं. पायाने दाबलं की वाजवलेला सूर घुमून परत यायचा, पुन्हा यायचा, दर वेळी थोडा लहान होऊन. उन्मेषला जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. त्याचा मित्र प्रताप त्याच पेडलवर वाजवायला यायचा होता, आणि पेडल मुकं झालेलं.

"एवढं तरी करा त्याच्यासाठी," ती म्हणाली.

वुडलँड्सला आमचा फ्लॅट अगदी वरच्या मजल्यावर. त्या दिवशी हेझ, म्हणजे पलीकडच्या जंगलवणव्यांचा धूर, इतका दाट की खाडीपलीकडचं मलेशियातलं जोहोर कुणी ओल्या फडक्याने पुसल्यासारखं नाहीसं. खिडक्या बंद, दुपारी तीनला दिवे लावलेले, तरी जळक्या पाल्याचा वास घरात. इथल्या लोकांना वरच्या मजल्यावर गोट्या घरंगळल्याचे आवाज येतात, भूत आहे म्हणतात. आमच्या बिल्डिंगपुरतं सांगतो, निम्म्या गोट्या मीच घरंगळवलेल्या.

अशा माणसाच्या घरात काय होणार? खोटं खोटं मरून दाखवायचं मीच उन्मेषला शिकवलं. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या आईला फसवलं, मावशीला फसवलं. वर्षापूर्वी त्या दिवशी तो आतल्या खोलीतून मला हाका मारत होता, तेव्हा वाटलं, आता माझ्यावरच उलटवतोय. मी इथूनच, याच खुर्चीतून, त्याला दाद दिली आणि चपला घालून खाली कॉफी प्यायला गेलो. परत आलो तर... पुढे सगळ्यांना सांगितलं की मी आधीच खाली गेलो होतो. मीनाक्षीलाही तेच. वर्षभर तेच.

असो. दोष शोधायची माझी रीत साधी. एका वायरीच्या टोकाला सुई लावायची, दुसरं टोक स्पीकरला. मग सुई एकेका जोडावर टेकवत जायची. जिथे आवाज थांबला, तिथे दोष. मीनाक्षी मांडीवर गिटार घेऊन जाडी तार छेडत होती. मी म्हटलं, अगं भजन नाही, जरा जोरात. ती हसली नाही. पहिल्या जोडावर सूर आला. दुसऱ्यावर आला. तिसऱ्यावर काही नाही. तिथे सोल्डरचा डाग कच्चा होता. नुसता टेकलेला, धरलेला नाही. तापल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने पक्का केला. राळेचा कडवट धूर नाकात गेला. खूश होऊन मी तिला चहा टाकायला पिटाळलं.

गिटार सोफ्यावर आडवी पडलेली. तिला कोणाचा हात नव्हता. मी सुई टेकवली.

स्पीकरमधून श्वास आला.

उघड्या डब्यात रेडिओ शिरतो, मला माहीत आहे. झाकण लावलं की जातो. सुई आत तशीच अडकवून मी झाकण दाबून बसवलं. श्वास आणखी जवळ आला.

"बाबा... छातीत दुखतंय... इकडे या ना..."

आणि त्याच्यामागून, मोठ्या मजेत, दुसरा आवाज. माझा.

"छान. आता जरा कण्हून दाखव."

मग पुन्हा तेच. पुन्हा. दर वेळी लहान व्हायला हवं होतं ते मोठं होत चाललेलं. मी झाकण उचकटून बॅटरी ओढून काढली. हातात बॅटरी, आणि तो बोलतोच आहे... स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला होता. किती वेळापासून, कोण जाणे. ट्रे घेऊन ती दारात उभी.

माझी जीभ सवयीने वळली.

"अगं, गंमत," मी म्हणालो. "मीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं... तुला घाबरवायला." आणि हसलोसुद्धा. मला हसता आलं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. थेंबही सांडू दिला नाही. स्पीकरमध्ये तो पुन्हा श्वास घेत होता.

"तुमचा आवाज तुम्ही रेकॉर्ड केलात," ती हळू म्हणाली. "त्याचा कुठून आणलात?"