मशीनखालची गोधडी

टण्ण...! रसिकाच्या छोट्या लेकीने, सान्वीने, ओढलेल्या खणातून एक बॉबिन निसटली आणि घरंगळत घरंगळत थेट आजोबांच्या खुर्चीपाशी जाऊन पडली. तीन आठवड्यांपासून मुक्या झालेल्या त्या घरात तेवढासा आवाजही रसिकाच्या काळजात खोल उतरला. कोपऱ्यात चादरीखाली शिलाई मशीन मुकाट उभं होतं... गोडदेवमधलं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर ज्याच्या तालावर श्वास घ्यायचं, तेच मशीन!

रसिकाची चूक एवढीच, की तिने विचारलं होतं. आसपास घरोघरी फॉल-बिडिंग चालायचं, पापड लाटले जायचे. कुणी कुणाला विचारायला जात नव्हतं. पण सासरे, अण्णा, सोसायटीचे सेक्रेटरी, जन्मभर नियमाने वागलेले. त्यांच्या सुनेने चोरून का शिवावं? म्हणून घरून शिवणकाम करायच्या परवान्यासाठी महापालिकेत चौकशी करून, अर्ज भरून, सोसायटीच्या ना-हरकत पत्रासाठी ती भर मीटिंगमध्ये अण्णांपुढे उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन म्हणाल्याही, "अरे दे दो ना शशिकांतभाई, पूरी बिल्डिंग के ब्लाउज तो यही सीती है!"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

"गेल्या वर्षी आपल्याच बिल्डिंगमधल्या मिनलला घरात पार्लर काढायला मी नाही म्हटलंय. मग आज सुनेला हो म्हणू? आणि कागद नाही तोवर माझ्या घरात मशीन चालणार नाही."

चादर पडली ती तेव्हाच. नवरा, कौस्तुभ, वडिलांपुढे बोलला नाही. बायकांची कापडं तिने घडी घालून परत केली. पण भाजी निवडताना, सान्वीची वेणी घालताना तिचा पाय नकळत फरशीवर हलायचा, पायडल मारल्यासारखा... मशीन सासूबाईंचं, गिरिजाबाईंचं. आईविना वाढलेल्या रसिकाला त्यांनीच शेजारी बसवून बाही जोडायला शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, तरी मशीन सुरू झालं की त्या जवळ असल्यासारख्या वाटायच्या. आता त्या दुसऱ्यांदा गेल्या होत्या!

अण्णांनी वाकून बॉबिन उचलली. तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, गिरिजाबाईंची खूण. ते बराच वेळ त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"परळला कंपनीच्या खोलीत राहायचो ना आम्ही," ते हळूच म्हणाले, "तिथंही अशा कामाला मनाई होती. मी कामावर गेलो की ती शिवायची. खालच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मशीनखाली गोधडी घालायची, खिडकी लावून घ्यायची... भर मे महिन्यात! मी यायच्या आत सगळं आवरलेलं. पण तिच्या केसांत दोऱ्याचे तुकडे दिसायचे गं मला. मला कळत होतं सगळं! एकदाही म्हणालो नाही, की थांब, मी साहेबांना विचारून येतो. तिला कधी मला विचारायची हिंमत झाली नाही. तू विचारलंस... आणि मी तुलाच गप्प बसवलं!"

"अण्णा, नका हो असं..." रसिकाचे डोळे भरून वाहू लागले.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. "सकाळपासून घेऊन बसलोय, शब्दच सापडेना. काल मिनलकडे जाऊन हात जोडले. तिच्या पार्लरच्या पत्रावर शेवटची सही केली आणि राजीनामा दिला, तुझ्या पत्रावर सासऱ्याचीच सही नको म्हणून. कमिटीनं तिलाच सेक्रेटरी केलंय. म्हणते कशी, 'अण्णा, आता तुमच्या सुनेचं नशीब माझ्या पेनात!'" ते हसायला गेले, आणि हुंदकाच फुटला. कागदावर, रसिकाच्या ना-हरकत पत्राखाली, मिनलची ठसठशीत सही होती.

रसिकाने चादर ओढली आणि सवयीने कपाटातली ती जुनी गोधडी मशीनखाली सरकवू लागली. सासूबाईंनीच तसं शिकवलेलं; तिला इतकी वर्षं वाटत होतं, मशीनला जपण्यासाठीच ती घालायची असते!

अण्णांनी तिचा हात धरला. "काढ ती. आणि खिडकी उघड."

मशीन धडधडू लागलं. खडखडाट खिडकीतून खाली रिक्षा स्टँडपर्यंत गेला असेल, जाऊ दे... रसिका रडत रडत शिवत होती, अण्णा डोळे मिटून ऐकत होते. सान्वी कागद उलटसुलट करून पाहत होती. मग तिने तो आईच्या मांडीवर ठेवला.

"मम्मा, हे तुझं पत्र ना?"

"हो गं राणी."

"मग आजीचं कुठंय?"

रसिकाचा पाय पायडलवरच थबकला.