मोठीचा सेंट

चंदा बडनेऱ्याहून अकोल्याला माहेरी निघाली की तिच्या पिशवीत लोणच्याची बरणी असायची, आणि परत येताना पिशवीत कसला ना कसला वास असायचा. कधी वाळ्याची जुडी, कधी मोगऱ्याची अगरबत्ती, कधी नुसताच चांगला साबण. सासूबाई गोदाबाई म्हणायच्या, "आमची सून नाकानं जेवते, बाप्पा. पोई कमी लागते, ते एक बरं हाय."

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतरची गोष्ट. भाऊबीज उरकून चंदा परत निघाली होती. गाडीला दीड तास होता, म्हणून मोर्णेचा पूल ओलांडून ती जुन्या शहरात शिरली आणि नबीचाचांच्या दुकानापुढे उभी राहिली. दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आत गेली तर तिसऱ्याने श्वास रस्त्यावर सोडून यावा. दाढीला मेंदी लावलेले नबीचाचा गेली बावीस वर्षं प्रत्येक बाटली 'आता एवढी एकच उरली' म्हणून विकत होते.

"ये, बेटी. तुह्यासाठीच ठेवली. एकच राह्यली."

"मागच्या बारीले पण एकच होती, चाचा."

"ते दुसरी एक होती."

बाटली नाजूक होती, आत फिकट हिरवं पाणी. चाचांनी तिच्या डाव्या मनगटावर एक फवारा मारला आणि लगेच बोट वर केलं. "घासू नको. घासला की सेब मरते. आता ऐक. ह्या सेंटात तीन घर हैत. पहिल्या घरात हरा सेब अन् नासपाती. धा मिन्टं थांब, दुसऱ्या घरात मोगरा. संध्याकायी तिसरं घर, चंदन. ते बुढ्यांचं घर हाय, तिथं मी राह्यतो. तुह्या उमरच्या पोरीनं पहिल्या घराचे पैसे द्याचे."

चंदाने मनगट नाकाजवळ नेलं. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात सफरचंद यायचं ते आजारी माणसाच्या उशाशी, कापून, तांबूस पडलेलं. हे तसं नव्हतं. हे झाडावरचं होतं, दात लावताच करकन फुटेल असं, थंड, थोडं आंबट. छातीत कोणी सकाळीच खिडकी उघडावी तसं तिला वाटलं. मग खरोखरच दहा मिनिटांनी मोगरा आला, हळूच, नव्या सुनेसारखा डोकं झाकून. गाडी मूर्तिजापूरला येईपर्यंत ती मनगट हुंगत बसली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला वाटलं, बाईला हाताला लागलंय.

घरी पोचल्यावर तिने हातपाय धुतले, आरशापुढे उभी राहिली आणि बाटलीचं झाकण काढलं.

"चंदे," आतून गोदाबाईंचा आवाज आला, "आधी मोठीले."

हे चंदाला नवीन नव्हतं. नितेशची ती दुसरी बायको. पहिली लीला, तिला घरात सगळे मोठी म्हणत. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. आपल्याकडे दुसरी आली की पहिलीचा टाक तिच्या गळ्यात घालतात. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाई, डोळे म्हणजे दोन ठिपके. घरात जे नवं येईल ते आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण वापरायचं. लुगडं असो, बांगड्या असोत, हंगामाचा पहिला हुरडा असो. नव्या चपलांचं काय करायचं यावर गोदाबाई आणि शेजारच्या बेबीताई दोन दिवस भांडल्या होत्या. शेवटी चपला लांबून दाखवायच्या ठरल्या.

चंदाचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पण दोन वर्षांत या घरातली एकही गोष्ट आपल्याला पहिल्यांदा मिळाली नाही, हे तिला कधीकधी भाकरी थापताना आठवायचं. नवरासुद्धा वापरलेलाच होता. नितेश रेल्वेत होता, स्वभावाने गरीब, आणि झोपेत अजून कधी कधी चुकीचं नाव घ्यायचा.

"सेंट कसा दाखवाचा, आत्याबाई?"

गोदाबाई दारात येऊन विचारात पडल्या. त्यांना या जगातलं सगळं ठाऊक होतं, फक्त स्वतःचं वय ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडून बेबीताई ओरडल्या, "बाटली दाखवा अन् ठेवा. वासाले काय हात लावाचा?" त्या घरात कोणी कुजबुजलं तरी बेबीताईंना उत्तर द्यावंच लागे.

चंदा गळ्यातला टाक हातात घेऊन पाहत राहिली. लीलाचं तिला सगळं ऐकून माहीत होतं. शेतात कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणी चालू होती, ही पंपासाठी पाणी वाहत होती, वारा फिरला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात संपली. शेवटची आंघोळ दोनदा घातली, तरी केसांचा औषधाचा वास गेला नाही, असं गोदाबाई एकदा सांगता सांगता थांबल्या होत्या. त्या वर्षांत फवारणीच्या औषधाचा वास कुठल्याच गावाला नवा नव्हता. पण चंदाच्या नाकाला तो कल्पनेतही सोसेना.

तिला वाटलं, बिचारीला द्यावा थोडा. आणि तिने टाकावर दोन फवारे मारले. चांगले, भरपूर.

चांदीवर थेंब दिसले आणि बघता बघता दिसेनासे झाले.

मग तिने आपल्या मनगटावर मारला. नाकाशी नेलं. चंदन आलं.

तिने बाटली हलवली, पुन्हा मारला. चंदन. संध्याकाळचं, दमलेलं, कोणाच्या तरी अंगावर दिवसभर राहून उतरलेलं.

बाटलीत दोष असेल म्हणून तिने गोदाबाईंच्या हातावर मारला. गोदाबाईंनी नाक मुरडलं. "सफरचंदावानी येऊन राह्यलं. मी काय बिमार हाओ?"

चंदाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भारनियमनात दिवे गेले होते. ती परसात कपडे वाळत घालत होती आणि नितेश रात्रपाळी करून आत झोपला होता. तो डोळे चोळत परसात आला. "तू इकडं कधी आली?"

"अर्धा तास झाला. काहून?"

"काही नाही... मले वाटलं, उशाशी बसली होती. मस्त वास येऊन राह्यला होता." तो हसला. "तो हिरवा सेंट लाव रोज."

चंदाने त्या दिवशी सेंट लावलाच नव्हता.

पुढे हे वाढत गेलं, पण असं की कोणाला सांगावं तर हसतील. नव्या लुगड्याची घडी मोडावी तर कमरेशी आधीच चुण्या. बांगड्या भराव्या तर काच कोमट, आत्ताच कोणीतरी उतरवून ठेवल्यासारखी. तव्यावरची पहिली भाकरी चंदा मुद्दाम स्वतः खाऊ लागली, तर तोंडात नुसता भुसा. दुसरी चांगली लागायची. आणि घरात, जिथे ती जायची तिथे, तिच्या एक पाऊल आधी सफरचंदाचा वास असायचा. तो तिचं मनगट सोडून सगळीकडे होता. देवघरात, मोरीत, नितेशच्या शर्टावर.

डिसेंबरात ती पुन्हा अकोल्याला गेली आणि बाटली नबीचाचांपुढे ठेवली.

"खराब हाय हे, चाचा."

चाचांनी कागदाच्या पट्टीवर फवारा मारून हुंगला. "हे काय, सेब तर नाचून राह्यला इथं." मग तिचा हात पुढे घेऊन मनगटावर मारला, वाकून हुंगलं आणि थांबले. दुसऱ्यांदा हुंगलं.

"हा तर सकायी लावलेला हाय, बेटी."

"आत्ता तुमीच लावला. तुमच्या हातानं."

बाहेर एक गाडीवाला संत्री ओरडत गेला. चाचांनी हळूच विचारलं, "माह्या दुकानातून नेल्यावर... पहिले कोनाले लावला?"

चंदाने गळ्यातला टाक पदरातून बाहेर काढला. चाचांनी तो लांबूनच पाहिला.

"साडी दाखवता, परत घेता," ते म्हणाले. "बांगडी लावता, परत घेता. तिले ठाऊक होतं, हे दाखवाचं असते, द्याचं नसते. अत्तर परत नाही घेता येत, बेटी. एकदा लागलं तर ज्याले लागलं त्याचं." त्यांनी बाटली तिच्याकडे सरकवली. त्या बाटलीला त्यांनी नंतर हात लावला नाही. "तू तिले पहिल्यांदा खरोखर काही देल्लं. आता तिले सवय लागीन."

संक्रांतीच्या सुमारास चंदाला दिवस गेल्याचं कळलं. गोदाबाईंनी गूळ वाटला. बेबीताईंनी भिंतीपलीकडूनच मुलगा ठरवून टाकला. नितेशने कामावरून येताना पाव किलो सफरचंदं आणली, ती चंदाने गुपचूप गायीला घातली.

त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. घरात जे नवं येईल ते आधी मोठीला. लुगडं आधी मोठीला, भाकरी आधी मोठीला. आणि हे?

हे नाही, तिने ठरवलं. काही झालं तरी हे माझं आधी.

एप्रिल आला. गोदाबाई रोज विचारू लागल्या, "फिरलं का पोटातलं?" चंदा मान हलवायची. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, सगळं ठीक आहे, ठोके चांगले आहेत. तरी पोट शांत. एके दिवशी दुपारी ऊन कौलांवर तापलेलं, घर चिडीचूप. गोदाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. एकाएकी त्या थबकल्या आणि कान टवकारल्यासारखं करून हसल्या.

"हसली काहून आता? फिरलं का?"

"मी कुठं हसली, आत्याबाई?"

गोदाबाईंचा हात सुपातच राहिला. हसू देवघराच्या बाजूने आलं होतं. बायका पोटाला हात लावून, गुदगुल्या झाल्यासारखं हसतात तसं. सफरचंदाचा वास इतका दाटला की डाळीला लागेल असं वाटावं. आणि मग, जरा वेळाने, चंदाच्या पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं.

त्या दिवशी गोदाबाईंनी कोणाचीही थट्टा केली नाही. रात्री त्या चंदाच्या अंथरुणाशी येऊन बसल्या. "काढून टाकू का टाक? नदीत सोडून देऊ?"

"कोन सोडीन?" चंदा म्हणाली.

गोदाबाईंनी विचार केला. स्वतः सोडायची त्यांची छाती होत नव्हती. नितेशला सांगायची तर त्याहून नाही.

ऑगस्टात पाऊस लागून राहिला होता. कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. अमरावतीच्या दवाखान्यात पोचल्यावर नर्सबाईंनी सांगितलं, गळ्यातलं सगळं काढा. चंदाने मंगळसूत्र काढून सासूला दिलं. मग टाक काढला. अडीच-तीन वर्षांनी मानेला वारा लागला.

"मुठीत धरून ठेवा," ती गोदाबाईंना म्हणाली. "बाहेर बसा. मी बोलावल्याबिगर आत येऊ नोका. बाळाले हा लावाचा नाही. दाखवाचा पन नाही."

"नाही लावत, बाई. माह्या लेकराची आण."

"पहिलं मी घेणार त्याले."

"तूच घेसीन."

दारं लागली. गोदाबाई बाहेर बाकावर मूठ छातीशी धरून बसल्या. पावणेबाराला मुलगी झाली. चंदाने त्या सबंध वेळात डोळे मिटले नाहीत. नाळ कापली ते पाहिलं, पुसलं ते पाहिलं, वजनाच्या ताटलीत ठेवलं ते पाहिलं. खोलीत ती, डॉक्टरीणबाई आणि नर्सबाई, एवढ्याच. औषधं आणि फिनाईल सोडून कसलाही वास नव्हता. ते तिने दोनदा हुंगून पाहिलं आणि तेव्हा कुठे तिचे खांदे खाली आले.

नर्सबाईंनी फडक्यात गुंडाळलेली पोर तिच्या कुशीत दिली. "घ्या बाई, लावा छातीला. भुकेली असते."

चंदाने लावली. पोरीने तोंड फिरवलं. पुन्हा लावली, पुन्हा फिरवलं. शांत, समाधानी, ओठ मिटलेले.

नर्सबाई वाकल्या आणि पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. त्यांनी ते उजेडात धरलं, मग चंदाकडे पाहिलं.

"पाजलं का तुम्ही एकदा?"

"नाही... आत्ताच तर देल्ली तुमी."

"मग दूध..." नर्सबाईंनी खोलीभर पाहिलं. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. दार आतून लागलेलं होतं.

पोरीने डोळे किलकिले केले आणि पोट भरल्यावर देतात तसा एक छोटासा ढेकर दिला.