तुटक्या पाकळीचं कमळ

लेकाला, तेमिनला, जन्मून शंभर दिवस झाले, म्हणून ह्वासुकने पहाटेच तांदळाचं पीठ वाफवलं, कुटून मऊ केलं, वड्या पाडल्या. तिळाचं तेल लावून प्रत्येकीवर घरचा चिनीमातीचा ठसा दाबला. कमळ, एक पाकळी तुटकी. त्या गावात वडीवरून घर ओळखायचे. ठसा कोणी कोणाला देत नसे.

ह्वासुकने काल दिला होता. बांबूच्या बनाकडून एक बाई आली, पाठीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. "माझ्याही बाळाचे उद्या शंभर दिवस गं. आमचा ठसा फुटला." चेहरा ओळखीचा वाटला, कुठला ते आठवेना. कॉलेजात शिकलेल्या ह्वासुकला असल्या रूढीपायी नाही म्हणवलं नाही. संध्याकाळी ठसा उंबऱ्यावर होता, धुऊनपुसून. सासूबाईंना ती यातलं काही बोलली नाही.

झोपलेल्या तेमिनला सासूबाईंजवळ ठेवून ती वड्या वाटायला निघाली. रिकाम्या ताटलीत लोक दोरा घालून देतात, बाळाच्या लांब आयुष्यासाठी. तेमिन सातव्या महिन्यातच झालेला. तिला तो दोरा हवाच होता.

शेजारच्या यूंजाकाकू हसल्या. "अगं, पुन्हा? डोकं बाळंतखोलीतच विसरलीस वाटतं!"

"पुन्हा म्हणजे?"

"सकाळी नाही का येऊन गेलीस? या बघ तुझ्या वड्या."

कमळ. तुटकी पाकळी.

"मी आले होते, काकू?"

"मग काय तुझं भूत? लेकराला पाठीवर घेऊन आलीस. हात किती गार गं त्याचे! दोरा मी त्याच्या मनगटालाच बांधला, लाल गाठ मारून."

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढेही. "दोरा दिला की मघाशी," सगळे म्हणाले. "एका बाळाला एकदाच."

ती धावत घरी आली.

"आई, कोणी आलं होतं?"

"कोण येणार? मी इथून उठलेसुद्धा नाही. आणि हा गुलाम हललादेखील नाही."

ठशाचं सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण आधी ती बाळाकडे वाकली.

तिने दुपटं सारलं. श्वास चालू होता.

मनगटाला पांढरा दोरा. लाल गाठ.

हात गार.

बाळाने डोळे उघडले आणि नवं माणूस न्याहाळावं तसं तिच्याकडे पाहिलं.

दूर बांबूच्या बनात कुठलंसं बाळ रडलं, आणि ह्वासुकला पान्हा फुटला.