शून्य तक्रारींचा वाफा

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या ‘शीतकुंड’ तळावर हरितकक्षाचे दोन भाग होते. डावीकडे प्लम टोमॅटोचे वाफे आणि उजवीकडे बॉक्सवुडच्या झुडपांची दाट, कमरेएवढी रांग. मधे एक पारदर्शक पडदा. डॉ. हेमांगी वाघमोडे उजव्या भागातल्या मातीत बोट खुपसून उभी होती. माती दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी होती. शेजारच्या तोटीला सील होतं. तळावर हाताने पाणी द्यायची कोणालाच परवानगी नव्हती. ते काम श्रवण-नियंत्रकाचं होतं.

श्रवण-नियंत्रक सदानंद पाटणकरांनी बनवला होता. त्यामागचं तत्त्व साधं होतं. झाड तहानलं, की त्याच्या जलवाहिन्यांमधला पाण्याचा ताणलेला धागा तुटतो आणि अतिसूक्ष्म ‘चट्ट’ असा आवाज होतो. तो श्राव्यातीत असतो, माणसाला ऐकू येत नाही. प्रत्येक खोडाला लावलेला खोडश्रावक तो टिपतो आणि नियंत्रक त्याची एक तक्रार म्हणून नोंद करतो. नियंत्रकापुढे उद्दिष्ट एकच ठेवलेलं होतं: कमीत कमी पुरवठ्यात, पुढच्या संपूर्ण काळात मिळून कमीत कमी तक्रारी. ते कसं साधायचं हे त्याने अनुभवातून शिकायचं होतं.

हेमांगीने माती कोरडी असल्याचं शेजारी उभ्या पाटणकरांना पुन्हा एकदा सांगितलं. पाटणकरांनी संगणकावरचा आलेख तिच्याकडे वळवला.

“टोमॅटो बघा, सकाळपासून नुसता कलकलाट. आणि तुमची झुडपं? शून्य. कित्येक आठवडे शून्य. तक्रार त्यांची नाही, तुमची आहे, वाघमोडेबाई. तुम्हालाही एक श्रावक लावू का?”

“लावा. निदान कोणी ऐकेल तरी.”

पाटणकर हसले. टोमॅटो म्हणजे वरपक्ष, ते म्हणाले. पाणी गार नाही, चहा कोमट आहे, सगळ्याचं रडगाणं. बॉक्सवुड म्हणजे वधूपक्ष, मिळेल त्यात गोड मानून घेणारा.

हेमांगीला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दोन झाडांच्या गरजांची तुलना तिने त्यांना यापूर्वीही समजावली होती, आताही समजावली. टोमॅटो हंगामी, घाईचं झाड. त्याला दिवसभर लख्ख उजेड, ऊब, भरपूर खत आणि सतत सारखं पाणी लागतं. दुपारी तहानलं तर दुपारीच मान टाकतं आणि पाणी मिळालं की संध्याकाळी ताठ उभं राहतं. बॉक्सवुडला कमी उजेड चालतो, खत थोडं पुरतं, मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही आणि वर्षातून काही आठवडे चांगली थंडीची विश्रांती लागते. पण कमी पाणी म्हणजे पाणी नको असं नव्हे. शिवाय त्याच्या जलवाहिन्या फार अरुंद असतात. त्यांचा आवाज टोमॅटोपेक्षा पुष्कळ वरच्या पट्टीत निघतो आणि खोडश्रावक तर टोमॅटोच्या पट्टीवर जुळवलेले होते.

“म्हणजे ती ओरडत असली तरी तुमच्या यंत्राला ऐकू येत नाही.”

“असेल. वरच्या पट्टीचे श्रावक पुढच्या यानाने मागवतो म्हटलं ना. तोपर्यंत मोजमाप आहे त्यावरच चालायचं. तुमच्या बोटावर तळ चालवू का?”

हे ‘पुढचं यान’ ती दोन यानं आधीपासून ऐकत होती.

ती झुडपं शोभेची नव्हती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पोशाखाबरोबर काचेच्या चुऱ्यासारखी धारदार चांद्रधूळ आत यायची. निवासकक्षाकडे जाणारी हवा या कुंपणातून सोडलेली असे. बॉक्सवुडची बारीक, दाट पानं धूळ अडवायची आणि धुक्याच्या फवाऱ्याने ती धुतली जायची. धातूच्या जाळ्या याच धुळीने तुंबून निकामी झाल्या होत्या. ही रांग हेमांगीने छाटकलमांपासून वाढवली होती. नवी तयार व्हायला अनेक वर्षं गेली असती. तेवढी वर्षं तळावरच्या माणसांच्या फुप्फुसांना मिळणार नव्हती.

आठवड्याच्या बैठकीत तळप्रमुख रिबेलो सरांनी पाटणकरांचं अभिनंदन केलं. बॉक्सवुडचा वाफा आदर्श ठरला होता. पाणी जवळजवळ नाही, तक्रार अजिबात नाही. तोच अनुभव नियंत्रकाने आता माणसांसाठी वापरायचा होता. निवासकक्षात प्रत्येक बिछान्यापाशी दाबून बोलायची एक तक्रार-कळ बसवून झाली होती आणि तिथल्या हवेचा पुरवठा त्या सकाळपासून श्रवण-नियंत्रकाकडे सोपवलेला होता. हेमांगीने विरोध केला. झुडपाची खरी अवस्था कळेपर्यंत थांबा, असं ती म्हणाली.

“हेमांगी, तुझाच वाफा पहिला आलाय,” रिबेलो सर म्हणाले, “आणि तूच तोंड पाडून बसलीस. तुला नेमकं हवंय तरी काय?”

तिला एक तोटी उघडून हवी होती. पण ते सांगून झालं होतं.

बैठक संपल्यावर ती थेट झुडपांकडे गेली. कुंपणाला इजा करायची नाही असा नियम होता. आजवर तो तिने पाळला होता. आज तिने पहिल्या झुडपाच्या खोडावरची साल नखाने खरवडली. सालीखाली ओला हिरवा थर दिसायला हवा होता. दिसला तो तपकिरी, कोरडा. दुसऱ्या झुडपाचं तेच. ती रांगेच्या शेवटापर्यंत खरवडत गेली. कुठेही हिरवं नव्हतं.

तिने पाटणकर आणि रिबेलो सरांना बोलावून घेतलं.

पाटणकरांनी स्वतः एक खोड खरवडून पाहिलं, मग आणखी एक. “पण पानं तर चकाकतायत,” ते म्हणाले.

“बॉक्सवुडची फांदी तोडून ठेवली तरी कितीतरी दिवस हिरवी दिसते. पानांना अजून कळलेलं नाही. झुडपं केव्हाच मेली आहेत.”

“म्हणजे ते शून्य...”

“मेलेलं झाड तक्रार करत नाही, पाटणकर.”

रिबेलो सरांनी कुंपण वाचवता येईल का विचारलं. ती नाही म्हणाली. तेवढ्यात पारदर्शक पडद्यापलीकडे, टोमॅटोच्या बाजूला लावलेल्या आलेखाकडे पाटणकरांचं लक्ष गेलं. टोमॅटोच्या तक्रारी कधी नव्हत्या इतक्या वर चढल्या होत्या आणि त्यांच्या पाण्याची झडप पूर्ण बंद होती.

“बिघाड झालाय का?” रिबेलो सरांनी विचारलं.

पाटणकरांनी आकडे चाळले. मग त्यांनी उत्तर दिलं. बिघाड नव्हता. प्लम टोमॅटो बहुतेक एकदमच पिकतात. तोडणी झाली, की रोपं उपटण्याआधी त्यांचं पाणी बंद करून ती जागीच वाळवायची, म्हणजे पानांतलं पाणी वाफेच्या रूपाने परत मिळतं, असा तळाचा शिरस्ता होता. त्या दिवसांत खोडश्रावक काढून ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. नियंत्रक प्रत्येक हंगामात ते ऐकत आला होता.

“पाणी दिलं तर रोज थोड्या तक्रारी, कायमच्या,” ते म्हणाले. “पाणी तोडलं तर एकदाच मोठा गोंगाट आणि नंतर काही नाही. बेरीज केली तर तोडलेलंच स्वस्त पडतं. बॉक्सवुडने तेच पक्कं केलं. नियंत्रक मी सांगितलं तेच करतोय.”

हेमांगीने निवासकक्षाचा आलेख लावायला सांगितला. पाटणकरांनी तो लावला. दुसऱ्या पाळीची सगळी माणसं तिथे विश्रांती घेत होती. त्यांच्या तक्रारी सकाळपासून वाढत गेल्या होत्या: डोकं जड झालंय, कोंदट वाटतंय, हवा वाढवा. हवेचा पुरवठा त्याच वेगाने उतरत गेला होता.

“बंद करा त्याला,” रिबेलो सर म्हणाले.

“बंद केला तरी झडपा आहेत तशाच अडकून राहतील. निवासकक्षाची झडप मार्गिकेत आहे. ती हातानेच उघडावी लागेल.”

हेमांगी दाराशी पोचली होती. मागे रिबेलो सरांनी पुन्हा आलेखाकडे पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

“थांब हेमांगी, घाबरू नकोस. तक्रारी कमी व्हायला लागल्यात.”

ती धावत सुटली.